टाकळी खारीचा समुद्र

शालिग्राम उमाळ्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुराढोरांच्या खुराकाचं, दुकान आणि आमचं किराण्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही छातीइतकीच. त्यामुळं त्यांच्या आयुष्यात जे जे घडलं ते मी गूळ तोलता तोलता ऐकलं.

शालिग्रामभाऊंचे वडील मोतीराम वांगी-मिरची पिकवून जळगाव जामोदच्या बाजारात विकायचे. मुलाचे हात मातीत जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्याला सातवीपर्यंत शिकवलं आणि दुकान टाकून दिलं. मोतीरामबुवा हयात असते तर पुढं त्यांनी कपाळ बडवून घेतलं असतं, कारण मुलाचे हात मातीत गेले नाहीत, दगडात गेले.

आमचं टाकळी खारी हे गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं. जमीन काळी, कापूस उत्तम, आणि विहिरींचं पाणी असं खारट की डाळ शिजता शिजत नाही. या गावात मुलगी द्यायची तर आधी तिच्या पोटाची परीक्षा घ्यावी असं आजूबाजूचे लोक म्हणत. जावई सासुरवाडीला येताना सोबत स्वतःच्या गावचं पाणी घेऊन यायचा. बाकी गावात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि हेच गावाचं मोठं दुःख होतं. शेगावला देवस्थान, खामगावला रुईचा बाजार, लोणारला सरोवर. आम्हांला फक्त खारं पाणी.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. शालिग्रामभाऊंनी दुकानापुढं ओटा बांधायला काढला. सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यातून गाडीभर दगड आणले. रंगराव पाथरवट घण घालत होता. एक पांढुरका, गारगोटीसारखा दगड फुटला आणि आत एक गोगलगाईचा शंख निघाला. बोराएवढा, वेटोळं न् वेटोळं शाबूत.

"हे का होये?" शालिग्रामभाऊंनी विचारलं.

"गोगलगाय दिसते, मालक."

"मंग थे दगडात काऊन शिरली?"

रंगरावनं कपाळाचा घाम पुसला. "मले ओटा बांधाचा हाय. तुमी तिलेच इचारा."

शालिग्रामभाऊंनी ते खरंच मनावर घेतलं. त्या दिवशी ओटा अर्धा राहिला, आणि मी दुकान चालवलं तोवर तो अर्धाच होता. पुरे करायचे दगड त्यांनी एकेक करून फोडून पाहिले.

मग मंगळवारी दुकान बंद ठेवून ते डोंगराकडं जाऊ लागले. लोहाराकडून चोचीचा हातोडा करून घेतला. घड्याळजीकडून डोळ्याला लावायचं भिंग मिळवलं. खामगावच्या रद्दीवाल्याकडं भूगर्भशास्त्राचं एक मराठी पुस्तक सापडलं, त्याची पुढची पानं कोणीतरी भज्यांना वापरली होती. शालिग्रामभाऊंनी उरलेलं पाठ केलं. येताना एस.टी.त पोतं असायचं. कंडक्टर विचारायचा, "पोत्यात का हाय?"

"दगड."

"भाऊ, खोटं नोका सांगू." तो पोतं उघडायचा, आत खरोखर दगड बघायचा, आणि मग त्याचा संशय जास्तच वाढायचा.

दुकानात ढेपेच्या पोत्यांवर दगड आले. घरात फडताळात, कणगीमागं, देव्हाऱ्याखाली दगड. गिऱ्हाईक ढेप मागायला यायचं आणि आधी पृथ्वीची उत्पत्ती ऐकायचं. पृथ्वी थंड होईपर्यंत तिकडं म्हैस दूध चोरायची. तरी लोक यायचे, कारण उमाळ्यांची ढेप चोख होती आणि उधारीला तोंड वाकडं नव्हतं.

त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, बायका विहिरीवर छेडायच्या. बाई शांतपणे सांगायच्या, "लोकाइचे नवरे काहीबाही ठेवतात. आमच्या यायनं गोटे ठेवले. गोटे बरे व माय, जेवाले मांगत नाही."

माणूस सरळ होता, पण एक खोड होती. शालिग्रामभाऊंना "माहीत नाही" हे शब्द उच्चारता येत नव्हते. दगडातून शंख निघाला, बरं. शंख कुठं असतो? समुद्रात. मग इथं काय असणार? समुद्र. एवढं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. पुस्तकात पुढं काय होतं कोण जाणे. ते पान भज्यांबरोबर गेलं असावं.

चौसष्टच्या गणपतीत मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. कीर्तनकारबुवांची एस.टी. नांदुऱ्याजवळ पंक्चर झाल्याचा निरोप आला. पेटीवाला सूर धरून बसलेला, लोक जमलेले. कोणीतरी म्हणालं, उमाळ्यांना बोलू द्या, नाही तरी ते दुकानात बोलतातच.

शालिग्रामभाऊ उठले. हातात तो शंखाचा दगड. कंदिलाजवळ धरून म्हणाले, "गावकरी मंडळी, आपन जिथी बसलो आहो, तिथी कोट्यवधी वर्षापूर्वी समुद्र होता!"

मग अंबूबाई उठल्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाई, सरपंचालाही अरे-तुरे करणाऱ्या. "काबे शालिग्राम, समुद्र होता तं मंग पानी कुठी गेलं त्याचं?"

शालिग्रामभाऊ अडखळले. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "कुठी जाते बुढे? आपल्या हिरीत हाय ना थे! खारं काऊन लागते मंग?"

काय सांगू तुम्हांला! आख्खा पार उभा राहिला. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यानं आम्हांला लाज आणली, ते पाणी समुद्राचं निघालं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. पेटीवाल्यानं आपण होऊन आरती सुरू केली. शालिग्रामभाऊंच्या गळ्यात गणपतीचा उतरलेला हार पडला. घरी जाताना ते मला म्हणाले, "पाह्य, पुरावा आपल्याच पोटात होता." मलाही ते पटलं. त्या रात्री मी पाणीसुद्धा जरा जपूनच प्यालो.

गावात उत्तमराव नावाचे पुढारी होते. पांढरी टोपी, घोटीव आवाज, आणि प्रत्येक निवडणुकीत हरण्याची परंपरा. त्यांच्याजवळ सगळं होतं, मुद्दा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शालिग्रामभाऊंच्या अर्ध्या ओट्यावर येऊन बसले.

"शालिग्रामभाऊ, मुंबईले समुद्र हाय?"

"हाय."

"रत्नागिरीले?"

"हाय ना."

"आन् आपला होता. थो कुठी गेला? समुद्र का उठून चालते? कोनी तरी नेलाच असन!"

"उत्तमराव, थ्या गोष्टीले कोट्यवधी वर्षं झाली."

"मंग पाहा, इतक्या वर्षाचा अन्याय!"

अशी 'समुद्र न्याय समिती' निघाली. उत्तमराव अध्यक्ष. शालिग्रामभाऊंना 'आद्य शोधक' असं पद दिलं, आणि त्या माणसाला ते आवडलं, हे मी लपवणार नाही. त्यांनी कोट शिवून घेतला. समितीनं सरकारकडं मागण्या केल्या: किनारपट्टीच्या गावांना मिळतात त्या सवलती मिळाव्यात, मासेमारीची योजना यावी, आणि समुद्र गेल्यापासूनची भरपाई मिळावी. मसुदा आमच्याच दुकानात झाला. शालिग्रामभाऊ "कोट्यवधी वर्षं" सांगत होते. उत्तमराव लिहिणाऱ्याला म्हणाले, "कोटी नोको लिहू बे, सरकार घाबरते. पन्नास वर्षं लिही."

मुंबईहून उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. उत्तमरावांनी ते पारावर तीनदा वाचून दाखवलं. "नोंद घेतली! म्हंजे समुद्र होता हे कबूल केलं!"

मग गावाला भरती आली. चहाच्या टपरीवर 'सागर हॉटेल' अशी पाटी लागली. तिथला चहा पूर्वीसारखाच खारट होता, आता लोक तो कौतुकानं प्यायचे. एका पोराचं बारसं होतं, त्याचं ठरलेलं ज्ञानेश्वर नाव बदलून सागर ठेवलं. श्रावणात नारळी पौर्णिमा करायची ठरली. ती कशी करतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भटजींनी हात वर केले. शेवटी वाजतगाजत मिरवणूक मोठ्या विहिरीवर गेली आणि उत्तमरावांनी सोन्याचा कागद लावलेला नारळ विहिरीत सोडला. त्यांचं पाहून प्रत्येकानं एकेक सोडला. पुढं आठवडाभर ज्याची त्याची बादली नारळ घेऊन वर यायची, आणि समुद्राला वाहिलेला नारळ घरी न्यावा की परत टाकावा यावरून दोन भावकींत बोलणं बंद झालं.

या सगळ्यात शालिग्रामभाऊंनी एक सरळ काम केलं होतं. दोन-चार शंख कापसात गुंडाळून त्यांनी नागपूरच्या एका कॉलेजात पाठवले होते. आपल्या समुद्रावर तिथल्या विद्वानांची मोहर उमटावी, एवढीच इच्छा. उत्तर म्हणून पिंपळखुटे नावाचे प्राध्यापकच एस.टी.नं येऊन उतरले. उंच, किडकिडीत, तोंडात सुपारी, बोलायला मऊ. आल्या आल्या ते शालिग्रामभाऊंबरोबर डोंगरात गेले, दिवसभर उन्हात हिंडले, आणि परत येऊन दुकानात ढेपेच्या पोत्यावर बसले.

"उमाळे, तुमची नजर फार चांगली आहे," ते म्हणाले. "असे अख्खे शंख आमच्या विद्यार्थ्यांनाही सापडत नाहीत."

शालिग्रामभाऊ कोटात मावेनात. "म्हंजे समुद्राचं नक्की झालं म्हना ना."

पिंपळखुटे सरांनी शंख तळहातावर घेतला. "ही गोगलगाय समुद्रात जगत नाही हो. ही गोड्या पाण्यातली. जमिनीतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पावसाचं पाणी साचून तळं झालं. तळ्यात ही राहत होती. मग पुन्हा लाव्हा आला. आपला हा काळा दगड म्हणजे असे थरावर थर आहेत, आणि त्यांच्यामध्ये ही तळी अडकलेली."

"तळं?"

"हो. लहानसंच असेल."

"आन् आमचं खारं पानी?"

"ते फार अलीकडचं, नदीच्या गाळातलं. त्याचा या शंखाशी काही संबंध नाही."

सर संध्याकाळच्या गाडीनं गेले. शालिग्रामभाऊ घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात बातमी गेली की विद्वानांशी बोलून त्यांना ताप भरला. मी बघायला गेलो तर अन्नपूर्णाबाई ताट घेऊन खाटेजवळ बसलेल्या.

"इतका मोठा समुद्र," शालिग्रामभाऊ भिंतीला सांगत होते, "आन् मास्तरनं त्याचं डबकं केलं."

बाई म्हणाल्या, "समुद्र नसन तं नसन. तळं हाय ना? मले तं तळंच बरं वाटते. तळ्याचं पानी पेता येते."

शालिग्रामभाऊंनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. मग उठून बसले आणि ताट ओढलं. जेवता जेवता म्हणाले, "थे गोगलगाय पेत होती थे पानी. गोड पानी. आपल्या इथून चार कोसावर." त्यांच्या आवाजात मला पूर्वीचं ते ठणकावणं सापडेना. सासुरवाशिणीला माहेरची खुशाली सांगावी तसं ते त्या गोगलगाईबद्दल बोलत होते.

पण गावाचं काय? पंधरवड्यावर समितीचा मेळावा आला होता. मुंबईहून कुठल्यातरी खात्याचे एक बडे पाहुणे यायचे होते. मांडव पडला, कमान उभी राहिली. कमानीवर रंगाऱ्यानं लाटा काढल्या होत्या. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळं त्या नांगरटीसारख्या दिसत होत्या. मेळाव्याच्या आदल्या दिवशी शालिग्रामभाऊ उत्तमरावांकडं गेले आणि सरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

उत्तमरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ, हे तुमी कोनाकोनाले सांगितलं?"

"घरी. आन् शेजारी दुकानात."

"मंग ठीक हाय. हे पाहा, दगडात का हाय थे मास्तर पाहीन. लोकाइच्या मनात का हाय थे मी पाह्यतो. लोकाइच्या मनात समुद्र हाय. तुमी उद्या फक्त हार घ्या आन् बसा."

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. मोताळा, पिंपळगाव राजापर्यंतचे लोक आले होते, समुद्र बघायला की काय कोण जाणे. उत्तमरावांचं भाषण झालं. त्यात पुणे-मुंबईवाल्यांनी विदर्भाचं काय काय नेलं याची यादी होती आणि शेवटी समुद्र होता. टाळ्या थांबेनात. मग आद्य शोधकांच्या गळ्यात हार पडला. शालिग्रामभाऊ बसले नाहीत. ध्वनिक्षेपकापाशी गेले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी चुकलो. समुद्र नव्हता. तळं होतं."

लोकांना वाटलं, विनोद आहे. थोडे हसले.

"खरं सांगून राह्यलो. गोड्या पान्याचं तळं. लहानसं. त्यात गोगलगायी होत्या. मी पुस्तक अर्धंच वाचलं होतं आन् तुमाले पुरं सांगितलं."

मागून आवाज आला, "खाली बसवा त्याले!" दुसरा म्हणाला, "पुन्याच्या लोकाइनं फोडला त्याले!" वास्तविक शालिग्रामभाऊंनी आयुष्यात पुणं पाहिलं नव्हतं. अंबूबाई पुढच्या रांगेतून उठल्या, मला वाटलं त्या तरी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "मुडद्या, औंदा मी नारय वाह्यला ना हिरीत!" आणि रडायला लागल्या.

उत्तमराव मात्र उत्तमरावच. त्यांनी शालिग्रामभाऊंच्या खांद्यावर हात टाकला आणि ध्वनिक्षेपक आपल्याकडं वळवला. "पाहा, किती नम्र मानूस! एवढा मोठा समुद्र शोधला, पन म्हनते तळं होतं!" टाळ्यांनी मांडव हादरला.

पाहुणे तोवर डुलकीत होते. टाळ्यांनी जागे होऊन ते भाषणाला उठले. या भागातल्या समुद्राकडं सरकारचं पूर्ण लक्ष आहे आणि तो आटू देणार नाही, असं आश्वासन देऊन ते गेले.

त्यानंतर शालिग्रामभाऊंचे दिवस वाईट गेले. ज्यांनी हार घातले त्यांनी दुकानाकडं पाठ केली. ढेप जळगावहून आणू लागले. पोरं त्यांना बघून "तळं, तळं" ओरडायची. मी त्यांना म्हणालो, "भाऊ, गप्प बसले असते तं का बिघडलं असतं?" ते म्हणाले, "गोगलगाय इतकी वर्षं गप्पच होती. तिच्या तर्फे कोनी तरी बोलाले पाह्यजे होतं."

पुढच्या निवडणुकीत उत्तमराव समुद्रावर सरपंच झाले. सरकारची योजनाही आली. एक दिवस एका जीपमधून पत्र्याचे डबे घेऊन एक माणूस उतरला, डब्यांत माशांचं बी. "तुमचा समुद्र कुठे आहे?" त्यानं विचारलं. त्याच्या कागदावर तसंच लिहिलं होतं. बरीच चर्चा झाली. मोठ्या विहिरीत अजून नारळ होते. शेवटी उत्तमरावांनी त्याला गावतळ्यावर नेलं, जिथं म्हशी डुंबायच्या, आणि मासे त्यात सोडले. तळं म्हणायचं नाही म्हणून भूमिपूजनाच्या दगडावर 'जलाशय' असं कोरलं. चैत्रात ते आटलं. मासे बगळ्यांनी खाल्ले. उत्तमराव म्हणाले, समुद्र दुसऱ्यांदा पळवला, आणि पुढचीही निवडणूक जिंकले.

दरम्यान जळगावच्या ढेपेत माती निघाली आणि गिऱ्हाइकं एकेक करून उमाळ्यांकडं परतली. कोणी माफी वगैरे मागितली नाही. ढेप देताना ते आता पृथ्वीची उत्पत्ती सांगत नसत. एखाद्यानं विचारलंच तर शंख हातात द्यायचे आणि भिंग पुढं करायचे. नागपूरच्या कॉलेजात त्यांचे शंख काचेच्या कपाटात ठेवले होते. खाली त्यांचं नाव, आणि 'तळ्यातील गाळात सापडलेले' असे शब्द. गावातला एकजण ते पाहून आला आणि गावची बदनामी केली म्हणून कॉलेजवर मोर्चा न्यावा असं बोलू लागला. पण नागपूर लांब होतं.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात अन्नपूर्णाबाई पहिल्यांदा त्यांच्याबरोबर डोंगरात गेल्या. पुढचं मला बाईंनीच सांगितलं. कोरकूंच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एका नाल्यात शालिग्रामभाऊंना आडवा पडलेला एक मोठा ओंडका सापडला होता. सगळा दगडाचा. सालीच्या रेषा, कापल्या जागी धाग्यांचे ठिपके, सगळं जसंच्या तसं. वस्तीतले लोक त्यावर बसून विड्या ओढायचे. शालिग्रामभाऊंनी हातोडा काढला नाही. दोघं त्यावर बसली आणि बाईंनी भाकरी-ठेचा सोडला.

"झाड होतं हे?" बाईंनी विचारलं.

"ताडासारखं. तळ्याच्या काठी असन उभं."

बाईंनी ओंडक्यावरून हात फिरवला. "कोनाले सांगू नोका. नाही तं उत्तमराव इथी जंगल न्याय समिती काढतीन."

शालिग्रामभाऊ इतके हसले की ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं. नाल्यातलंच, गोड. मग त्या सहज म्हणाल्या, "पन याच्यावर पाखरं बसत असतीन का हो? कोनती असतीन?"

शालिग्रामभाऊंनी वर, जिथं झाडाचा शेंडा असता तिकडं पाहिलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"मले माईत नाही," ते म्हणाले.

बाई म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य यांच्या तोंडून आपण तिथंच पहिल्यांदा ऐकलं. मग दोघं ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिली.